साधा रंग

माझी धाकटी बहीण नवी साडी क्वचितच घ्यायची, पण तिच्या अंगावर जुनी साडी आहे असं कधी वाटायचं नाही. ऋतू पालटला की साडीही पालटायची. साडी तीच, पण काठ उसवून दुसरा लावलेला, पदराला गोंडे आलेले, ब्लाउजच्या बाह्या कोपराखाली उतरलेल्या नाहीतर खांद्याशी चढलेल्या. सुरतेत आमच्या नवागामच्या गल्ल्यांमधून घरोघरी बायका साड्यांना लेस लावायचं काम करतात. मार्केटमधून गठ्ठे येतात, बायका मशीनवर पट्ट्या मारतात, गठ्ठे परत जातात. बहीणही तेच करायची, अजून करते. दिवसभर परक्या साड्यांना काठ लावायचे आणि उरलेल्या तुकड्यांतून स्वतःचं काही जुळवायचं, असा तिचा खेळ होता.

तिचे नियम पक्के होते. उन्हाळ्यात फिकं. उन्हात गडद नेसलं की माणूस आतूनही भाजतो, असं तिचं म्हणणं. पावसाळ्यात जॉर्जेट, कारण दोरीवर टाकलं की संध्याकाळपर्यंत वाळतं. नवरात्रात एखाद्या थकलेल्या साडीचा घेरदार चणिया, गरब्याचा घागरा, व्हायचा, आणि गरबा संपला की त्याच चणियाच्या उशा. मग थंडी पडायची. सुरतेची थंडी ती काय, पण रस्त्याकडेला हुरडा भाजणारे पोंकवाले बसले की हिच्या ब्लाउजला पूर्ण बाह्या यायच्या आणि पोपटी साडी बाहेर निघायची.

पोपटी जॉर्जेट, त्याला तिनं स्वतः लावलेला राणी रंगाचा काठ. दुकानात कुणी तशी जोडी केली असती तर मी नाक मुरडलं असतं. तिला ती शोभायची. उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, तिचे यजमान, माझे मेहुणे, दुसऱ्या बिल्डिंगच्या गच्चीवर पतंग उडवत असायचे. त्यांना जेवायला बोलवायचं तर ही आमच्या गच्चीच्या कठड्याशी नुसती जाऊन उभी राहायची. हाक मारावी लागत नसे.

मी पलसाण्याच्या एका मिलमध्ये रंग जुळवण्याचं काम करतो. व्यापारी हातभर कापड देतो आणि म्हणतो, असा रंग पाहिजे. मी प्रयोगशाळेत छोट्या छोट्या भांड्यांत कापडाचे तुकडे रंगवून तो रंग शोधतो. जुळला की मोठ्या मशीनवर माल चढतो. आयुष्य त्यातच गेलं. त्यामुळे रंगांवरून आम्हा बहीणभावांत नेहमी जुंपायची. गठ्ठ्यातली साडी उचलून ती म्हणायची, "भाऊ, तुमच्या मिलचा हा गुलाबी आजारी आहे. याला सलाईन लावा." मी म्हणायचो, व्यापाऱ्याला असाच पाहिजे. ती म्हणायची, "मग व्यापाऱ्याला लावा."

आम्ही धुळ्याकडचे. घरात अहिराणी बोलतो. इथं सगळं तसंच लिहिलं तर वाचणाऱ्याला जड जाईल, म्हणून मी साधं मराठी लिहितो आहे. पण तिची काही वाक्यं मला दुसऱ्या कुठल्या शब्दांत आठवतच नाहीत.

मेहुणे लूमवर, यंत्रमागावर, कामाला होते. ऐन पावसाळ्यात एके दिवशी कामावर छातीत दुखलं आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत संपलं. मागे बहीण आणि तिची कॉलेजात जाणारी मुलगी. आमच्याकडे गंधमुक्तीच्या, म्हणजे सुतक फिटण्याच्या, दिवशी माहेरचा माणूस त्या बाईच्या अंगावर साडी टाकतो. दुःखातून उठवायची साडी. वडील नाहीत, तेव्हा ते काम माझं. मी मार्केटमध्ये गेलो. दुकानदारानं विचारलं, कोणासाठी? मी सांगितलं. त्यानं बाजूची एक थप्पी पुढे सरकवली. राखाडी, बदामी, मळका जांभळा. अशी वेगळी थप्पी तयारच असते हे मला तोवर माहीत नव्हतं. त्यातली राखाडी मी उचलली. त्या दुकानात हजार रंग होते आणि निम्म्यांचं नाव मी डोळे मिटून सांगितलं असतं. पण त्या थप्पीच्या बाहेर माझा हात गेला नाही.

वर्षभर ती राखाडी आणि तसल्याच एक-दोन साड्या नेसली. त्यात मला काही खटकलं नाही. दुःख होतं, आणि दुःखाचा रंग असाच असतो असं मी धरून चाललो होतो. त्याच वर्षी नवरात्रात मी फिरोजी कुर्ता घालून सोसायटीच्या गरब्याला गेलो. मेहुणे माझे जिवलग होते, पण माझ्या कुर्त्याकडे कुणी वळून पाहिलं नाही. मीही नाही.

वर्षश्राद्ध झालं. मग थंडी आली, पोंकवाले बसले आणि बहिणीनं पोपटी साडी काढली.

समाजातलं एक लग्न होतं, दिंडोलीच्या एका प्लॉटवर मांडव घातलेला. ती त्या साडीत आली तेव्हा मी जेवणाचं ताट हातात घेऊन उभा होतो. माझ्या डोळ्यांना बरं वाटलं होतं, हे मला स्पष्ट आठवतं. आधी बरं वाटलं होतं. मग माझ्या मागे बसलेली आमच्या नात्यातली एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "कोनाकरता इतलं नटनी व माय?" भोवतालच्या बायका हसल्या. बहिणीनं ऐकलं. ती थांबली नाही, उत्तरही दिलं नाही, जाऊन बायकांमध्ये बसली. उत्तर मी द्यायला हवं होतं. मी मोठा भाऊ, समोर उभा. मी ताटातली भाजी खाली-वर करत राहिलो.

त्या दिवसापासून मला भीती बसली. आता ती लोकांच्या बोलण्याची होती की त्या बोलण्याला उत्तर द्यावं लागेल याची होती, हे मी स्वतःशीही नीट बोललो नाही. बायकोजवळ विषय काढला तेव्हा ती म्हणाली, "ताईंना काही सांगायला जाऊ नका. त्यांचं त्यांना कळतं." तेवढंच ऐकलं असतं तर झालं असतं. पण मी रंगातला माणूस. मला त्यावर एक उपाय दिसत होता आणि तो मला हुशारीचा वाटत होता.

रविवारी तिच्या खोलीवर गेलो आणि म्हणालो, "तुझ्या या साड्या नुसत्या पडून राहतील. दे माझ्याजवळ. मिलमध्ये रंगवून वापरायजोग्या करून आणतो."

ती मशीनवर होती. पाय थांबवून म्हणाली, "कोणते रंग करशील?"

"साधे."

"साधा म्हंजे कोन्ता, भाऊ? तुन्ही मिलमा साधा नावना रंग शे का?"

मी हसलो. तीही हसली असावी. मग माझ्या चेहऱ्याकडे तिनं थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाली, "बरं. उद्या घेऊन जा."

आज का नाही, असं मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं पिशवी भरून ठेवली होती. पोपटी, नारिंगी, एक गर्द गुलाबी आणि अजून काही. पिशवी उचलताना साड्या हलक्या लागल्या. त्याचं कारण मला मिलमध्ये कळलं. सगळ्या साड्यांचे काठ तिनं उसवून काढून घेतले होते. फक्त कापड दिलं होतं. मला वाटलं, माझं काम सोपं व्हावं म्हणून केलं असेल.

आमचे डाईंग मास्तर उत्तर प्रदेशचे. घरचे कपडे एखाद्या वेळी छोट्या मशीनवर घालू देतात. आमच्या धंद्यात एक रीत आहे. मालावर डाग पडला, तेल सांडलं, रंग चट्ट्याचट्ट्यांनी चढला की तो माल फेकत नाहीत, गडद रंगात बुडवतात. काळा, नेव्ही, कॉफी. गडद रंग सगळं झाकतो. म्हणून मी कॉफीची तयारी केलेली पाहून मास्तरांनी पोपटी साडी उचलली आणि खिडकीच्या उजेडात धरली. एक हात सरकवला, दुसरा हात सरकवला, पुन्हा उलटून पाहिली.

"इसमें दाग कहाँ है?"

मी कॉफीचा रंग ढवळत राहिलो.

"इतना साफ़ माल है. दाग है क्या इसमें?"

मी म्हणालो, "है."

त्यांनी आणखी एकदा पाहिलं, खांदे उडवले आणि साडी माझ्याकडे दिली. एक अक्षर. मांडवातल्या म्हातारीनं जे म्हटलं ते तिखट होतं, पण तिनं माझ्या बहिणीला डाग म्हटलं नव्हतं. ते मी म्हणालो, आणि मग मशीनचं झाकण बंद केलं.

रंग उत्तम चढला. तेही सांगितलं पाहिजे. कुठे चट्टा नाही, पट्टा नाही. पोपटीची कॉफी झाली, नारिंगीची विटकरी तपकिरी, गुलाबीची काळपट वांगी. मी साड्या इस्त्री करून घेऊन गेलो. तिनं एकेक उघडून पाहिली, बोटांनी चुरगाळून कापड बघितलं आणि म्हणाली, "हात सफाईदार आहे तुझा." त्यात टोमणा होता का, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

त्यानंतर ती त्या साड्या नेसायला लागली. समाजात कुणी काही बोललं नाही. माझी भीती गेली. म्हातारीनं एकदा मलाच म्हटलं, बहीण तुझी समजूतदार आहे. मी मान हलवली.

पण काहीतरी थांबलं होतं आणि ते माझ्या लक्षात यायला वेळ लागला. उन्हाळा आला आणि बहीण वांगी रंगाच्या साडीत घामेघूम होऊन मशीनवर बसलेली दिसली. पावसाळ्यात तीच, नवरात्रात तीच. चणिया निघाला नाही. गठ्ठ्यांतल्या साड्यांवर ती बोलेनाशी झाली. मुद्दाम एकदा आमच्या मिलचा अगदी फसलेला हिरवा मी तिच्यासमोर धरला. वाटलं, आता सलाईन लावेल. ती म्हणाली, "चांगला आहे." लेसचे तुकडे पूर्वी डब्यात रंगवार लावलेले असायचे. आता ते शेजारणींच्या पोरी बाहुल्यांसाठी घेऊन जायच्या. सुरतेत तसेही ऋतू फारसे वेगळे होत नाहीत. आमच्या घरात ते तिच्या कपड्यांमुळे कळायचे. त्या वर्षी एकच लांबलचक काहीतरी होतं, त्याला नाव नव्हतं.

गेल्या थंडीत भाचीचं लग्न ठरलं. मुलगा कामरेजचा, आपल्याच समाजातला. लग्न चैत्रात. मामा म्हणून नवरीची पिवळी साडी माझ्याकडून. आणि भाऊ म्हणून बहिणीचा आहेर माझ्याकडून, भर मांडवात, चारचौघांसमोर तिच्या खांद्यावर साडी टाकून. गंधमुक्तीनंतर पहिल्यांदाच मी तिच्या अंगावर साडी टाकणार होतो. कोणता रंग, हा प्रश्न आता कुणी थप्पी पुढे सरकवून सोडवणार नव्हता.

मी ठरवलं, तिलाच निवडू द्यायचं. प्रयोगशाळेतून रंगीत तुकड्यांचा एक जुडगा घेऊन गेलो. तिच्या मांडीवर पसरला. लाल, हिरवे, निळे, केशरी. तिनं बोटानं दोनचार इकडे-तिकडे केले. ही तीच बाई, जिनं एकदा बदामी रंगाच्या दोन छटांवरून दुकानदाराला दुपारभर खिळवून ठेवलं होतं. मी वाट पाहत होतो. तिनं तुकडे गोळा केले, कडा जुळवून माझ्या हातात दिले.

"तुले जो बरा वाटी तो."

मी म्हणालो, "तू सांग ना."

"मला नाही कळत आता," ती म्हणाली. रागानं नाही. कालची भाजी आंबली असं सांगावं तसं सांगितलं.

मी साड्या बिघडवल्या असं तोवर समजत होतो. साड्या पुन्हा आणता येतात.

दोन दिवसांनी भाची आमच्या घरी आली. ही सुरतेतच वाढलेली, अर्धं गुजराती, अर्धं हिंदी बोलणारी, मराठी आमच्यापुरती. हातात वर्तमानपत्राची पुडी. म्हणाली, "मामा, मला लग्नात मम्मी पोपटीमध्ये पाहिजे. साडी तर तुम्ही मारून टाकली."

"बेटा, तेव्हा—"

"मने खबर छे, मामा. सगळं माहीत आहे." पुडी तिनं टेबलावर ठेवली. "ब्लाउज वाचलाय. मम्मीनं दिलाच नव्हता तुम्हाला. मॅचिंग करून आणा. तेच काम करता ना तुम्ही?"

माझी बायको आतून म्हणाली, "बरोबर बोलते ती."

पुडीत पोपटी ब्लाउज होता, पूर्ण बाह्यांचा. मिलमध्ये नेऊन उजेडात धरला आणि अडलो. पाठीवर उन्हानं विटलेला, काखेत घामानं पिवळटलेला, खांद्यावर वेगळाच. जुळवायचा कोणता? मग बगलेची शिवण थोडी उसवली. आत दाबलेल्या कापडाला ऊन-वारा लागलेला नव्हता. तिथं तो पहिल्या दिवशीचा पोपटी होता. तो मी जुळवला. व्यापाऱ्याला फरक दिसला नसता अशा ठिकाणी माझं समाधान एरवी होतं. या वेळी होत नव्हतं. भांड्यामागून भांडं लावत होतो. मास्तर येऊन बघून गेले. ती साडी त्यांना आठवत असेल की नाही, मी विचारलं नाही.

लग्नाच्या दिवशी सकाळी बहीण खोलीतून बाहेर आली तेव्हा मी दारात हारांचं पुडकं घेऊन उभा होतो. ती कॉफी रंगाच्या साडीत होती, मी रंगवलेल्या. आणि तिला तो राणी रंगाचा काठ होता. जपून ठेवलेला, परत लावलेला. गडद कॉफीवर राणी असा पेटला होता की क्षणभर मी सगळं विसरून धंद्यातल्या माणसासारखा बघत राहिलो. अशी जोडी मला सुचली नसती. मग तिच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि मान खाली घातली. माझ्या पिशवीत पोपटी साडी होती. तिनं माझी वाट पाहिली नव्हती.

मांडवात आहेराची वेळ झाली. भाचीला पिवळी साडी दिली. मग बहिणीला पाटावर बसवलं. मी पोपटी घडी उलगडली आणि तिच्या खांद्यावर टाकली. आजूबाजूचा गलबला किंचित कमी झाला. ती म्हातारी पहिल्याच रांगेत होती. तिनं साडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि शेजारणीला म्हणाली, "भाऊनीच दिधी, मंग काय बोलानं."

भावानंच दिली, मग काय बोलायचं. एवढं ते स्वस्त होतं. दिंडोलीच्या त्या मांडवात, ताट हातात असताना मी एवढंच बोललो असतो, की साडी मी दिलेली आहे, तर तिथंच संपलं असतं. खोटंही चाललं असतं. हे मला पाटासमोर वाकलेला असताना कळलं. बहिणीनंही ते ऐकलं होतं. तिनं साडीचं टोक कपाळाला लावलं, सगळ्यांना करतात तसा मला वाकून नमस्कार केला, आणि साडी घडी करून इतर आहेराच्या ढिगावर ठेवली. भाची माझ्याकडे बघत होती. मी दुसरीकडे पाहिलं.

पाठवणीपर्यंत ती कॉफीतच होती. पोपटी साडी ती त्या दिवशी नेसली नाही. अजूनही नाही.

आता वैशाख चालू आहे. परवा रविवारी तिच्याकडे गेलो. मुलगी गेल्यापासून खोली मोठी वाटते. पंखा गरम हवाच फिरवत होता. फळीवर पोपटी साडी दिसली, प्लास्टिकच्या पिशवीत, तशीच. विचारायचं नाही असं घरून ठरवून निघालो होतो आणि चहा हातात येताच विचारलं.

"आवडली नाही का गं माय तुला?"

ती उठली. पिशवी काढली, साडी घेऊन दारात गेली आणि उजेडात धरली. ती असं कापड धरून पाहताना मला फार दिवसांनी दिसत होती. मान थोडी तिरकी, एक डोळा बारीक.

"जुळवलास खरा," ती म्हणाली. "पण शेवटी शेवटी ती अशी राहिली नव्हती रे. उडाला होता रंग. तू पहिल्यासारखी केलीस."

"शिवणीतला बघून केला."

"कळलं मला. शिवण उसवून परत घातलीस, ती वाकडी आहे." तिनं घडी केली आणि पिशवीत घातली. मग पिशवी फळीवर ठेवताना, पाठमोरीच, म्हणाली, "हाऊ रंग उन्हायाना नही, भाऊ. उत्तरायणले दखू."

मी चहा प्यायलो. ती मशीनवर बसली आणि गठ्ठ्यातली पुढची साडी ओढली. उन्हाळ्यात फिकं आणि उत्तरायणाला पोपटी, हा तिचा जुनाच नियम. तो तिला आठवला, की मला गप्प करायला तिनं तो पुढे केला, हे मला तिच्या पाठीवरून कळेना. गठ्ठ्यातल्या साडीवर ती काही बोलेल म्हणून थोडा वेळ थांबलो. दोऱ्याचं रीळ मात्र तिनं बदललं, लावलेलं काढून दुसरं घातलं, मग तेही काढून तिसरं.

निघालो. बाहेर गॅलरीत दोरीवर तिची धुतलेली साडी वाळत होती, मी गंधमुक्तीला दिलेली राखाडी. रोजच्या वापरात अजून तीही असते. पाणी गळत होतं. जिन्याकडे जायला दुसरी वाट नव्हती. तिच्याखालून वाकून मी बाहेर पडलो.